नाव मुलाचे, वाटा कुणाचा?

मुलीचे नाव काय ठेवावे, हा वरकरणी घरगुती प्रश्न आहे. पाळण्याभोवती जमलेल्या आत्या, मावशा आणि आज्या यांनी तो सोडवावा. राजकीय कार्यकर्त्यांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजात माणसाचे नाव ऐकताच त्याची जात, धर्म, प्रांत आणि लिंग यांचा अंदाज बांधला जातो, आणि त्याला बसायला खुर्ची द्यायची की उंबऱ्याबाहेरूनच बोळवण करायची हे त्या अंदाजावर ठरते, त्या समाजात नाव ही केवळ खाजगी बाब राहत नाही. म्हणूनच एखाद्या जोडप्याने मुलीला रूढीने मुलाचे मानले गेलेले नाव ठेवले, तर त्याकडे निव्वळ हौस म्हणून पाहून चालत नाही. ती सामाजिक कृती आहे. ती पुरोगामी आहे काय, आणि असल्यास कोठवर, याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

अडसर कोणाचा?

असे नाव ठेवणाऱ्यांना विरोध होतो, हे उघड आहे. मुलीचे नाव 'विक्रम' किंवा 'प्रताप' ठेवायचे म्हटले, तर बारशालाच कुजबुज सुरू होते. शाळेत हजेरी घेताना हसे होईल, लग्न जमवताना घोटाळा होईल, रेल्वेच्या तिकिटावर नाव एक आणि प्रवासी दुसराच दिसेल, असे नाना आक्षेप निघतात. या आक्षेपांच्या पाठीशी कायदा मात्र नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने बालकाचे नाव नोंदवण्याची तरतूद केली आहे. कोणते नाव मुलाचे आणि कोणते मुलीचे, याची वाटणी त्याने केलेली नाही. अडसर आहे तो लोकाचाराचा, आणि लोकाचार हा कायद्यापेक्षा बदलायला अधिक कठीण असतो.

काही देशांत कायदाच आडवा आला. जर्मनीत नावावरून लिंग कळले पाहिजे, असा नोंदणी कार्यालयांचा दीर्घकाळचा दंडक होता. भारतीय मूळ असलेल्या एका कुटुंबाने मुलीचे नाव 'किरण' ठेवले. हे नाव मुलांचेही असते, तेव्हा त्याला निःसंदिग्धपणे मुलीचे असे दुसरे नाव जोडा, असा आग्रह नोंदणी कार्यालयाने धरला. आईबापांनी तो मानला नाही आणि प्रकरण त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, नावावरून लिंग ओळखता आलेच पाहिजे असे कायदा कोठेही सांगत नाही. आईबापांच्या निवडीला मर्यादा घालायची ती केवळ बालकाच्या हितासाठी. आइसलंडमध्ये तर संमत नावांची यादी ठेवणारी सरकारी समितीच आहे. एका मुलीचे 'ब्लाइर', म्हणजे वाऱ्याची झुळूक, हे नाव व्याकरणाने पुल्लिंगी म्हणून त्या समितीने नाकारले. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या हाल्डोर लाक्सनेस यांच्या कादंबरीत त्याच नावाची स्त्री आहे, हेही समितीने मानले नाही. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्या मुलीच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसते 'मुलगी' असे लिहिले जात होते. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने तिला तिचे नाव मिळवून दिले, आणि २०१९ च्या कायद्याने तेथे नावांवरील लिंगाचे बंधनच संपुष्टात आले.

या दोन्ही लढ्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नावाला निसर्गतः लिंग नसते. ते समाजाने लावलेले असते. हे पटण्यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. 'सुमन' हे महाराष्ट्रात मुलीचे नाव, उत्तरेत ते पुरुषाचे. 'कमल'चेही तेच. महाराष्ट्रातील 'ज्योती' शाळेत मुलींच्या बाकावर बसते. बंगालमध्ये ज्योती बसू १९७७ ते २००० अशी तेवीस वर्षे मुख्यमंत्री होते. पाण्यासाठी, घरांसाठी आणि महागाईविरुद्ध मुंबईतील हजारो स्त्रियांना रस्त्यावर आणणाऱ्या मृणालताई गोरे यांचे नाव कोणा मराठी माणसाला पुरुषी वाटले नाही. पण कलकत्त्यात 'मृणाल' म्हटले की मृणाल सेन हे चित्रपट दिग्दर्शक आठवतात. एकच शब्द एका प्रांतात लुगडे नेसतो आणि दुसऱ्या प्रांतात धोतर. तेव्हा 'हे नाव मुलीला शोभत नाही' या विधानाचा अर्थ एवढाच, की अमुक गावात, अमुक काळी, लोकांना त्याची सवय नाही.

परंतु सवय ही निरागस नसते. तिला इतिहास असतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सावाचक असावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच ओघात स्त्रियांसाठी वेगळा नियम येतो : तिचे नाव उच्चारायला सोपे, कठोर अर्थ नसलेले, मन रमवणारे, मंगल, दीर्घ स्वराने संपणारे आणि आशीर्वाद सुचवणारे असावे. शूद्राला हीन नाव आणि स्त्रीला गोड नाव, हे दोन नियम वरवर भिन्न दिसतात. त्यांचे मूळ एकच आहे. दोघांनाही बलवाचक नावाचा अधिकार नाही. एकाला तुच्छतेने आणि दुसरीला कौतुकाने सत्तेच्या बाहेर ठेवले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात हे नियमही होते. मुलीला पराक्रमाचे नाव ठेवणारे आईबाप, त्यांना ठाऊक असो वा नसो, त्या दहनाचेच काम पुढे नेत असतात. एवढ्यापुरते त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे.

स्त्रीचे नाव तिचे स्वतःचे क्वचितच असते, हेही येथे ध्यानात घ्यावे. पुराणकथांतील स्त्रिया पाहाव्यात. जानकी ही जनकाची, गांधारी गांधार देशची, कैकेयी केकय देशची. पृथेला दत्तक बापाच्या नावावरून कुंती म्हटले गेले. डॉ. राममनोहर लोहियांनी भारतीय स्त्रीचा आदर्श म्हणून जिला सावित्रीच्या वर स्थान दिले, त्या तेजस्वी स्त्रीचे स्वतःचे नाव कृष्णा. जग तिला ओळखते ते द्रुपदाची मुलगी द्रौपदी म्हणून. आधुनिक काळातही यात फार फरक पडला नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना होत्या. पहिल्या महिला डॉक्टर म्हणून गौरवल्या गेलेल्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. आजही कित्येक मराठी लग्नांत ताटात तांदूळ पसरून नवरा मुलगा अंगठीने नव्या नवरीचे नवे नाव लिहितो, आणि मंडळी टाळ्या वाजवतात. वीस-पंचवीस वर्षे जे नाव घेऊन ती शिकली, परीक्षा पास झाली, नोकरीला लागली, ते नाव तांदळांत बुजते. कायद्याने हे बंधनकारक नाही. तरीही ते घडते. बापाने तिला 'विक्रम' म्हटले काय आणि 'विमल' म्हटले काय, ताटातले तांदूळ दोन्ही नावांवर सारखेच पसरतात.

मान की उसनवारी?

येथूनच प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांनी ती अधिक बारकाईने तपासली पाहिजे. मुलीला मुलाचे नाव का ठेवले, असे विचारले की पुष्कळदा उत्तर येते : 'ही आमची मुलगी नाहीच, आमचा मुलगाच आहे.' हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. कर्तबगार मुलीचे कौतुक करताना शेजारी, शिक्षक आणि पुढारीही तेच बोलतात. या कौतुकाचा अर्थ काय होतो? मुलगी म्हणून ती पुरेशी नाही. मुलाच्या जागी बसवली तेव्हाच तिला किंमत आली. मान मुलीला मिळाला नाही. जो मुलगा जन्मलाच नाही, त्याला तो मिळाला, आणि मुलीने तो काही काळ वापरायला घेतला.

याच मनोवृत्तीचे उघडेवाघडे रूप महाराष्ट्राने पाहिले आहे. लागोपाठ मुली झाल्या की पुढच्या मुलीचे नाव 'नकुशी' किंवा 'नकोशी' ठेवायचे, म्हणजे दैवाला संदेश पोचतो आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. कुणी देवीचे नाव घेतले, कुणी आवडत्या नटीचे. तो कार्यक्रम स्तुत्य होता. पण 'नकुशी' म्हणणारा बाप आणि 'मुलगाच' म्हणणारा बाप यांच्यात जेवढे अंतर दिसते तेवढे आहे काय? एकजण मुलगी नको असे स्पष्ट सांगतो. दुसरा तेच प्रेमाने सांगतो. पहिल्याच्या मुलीला अपमान कळतो, दुसरीच्या लक्षात यायला अर्धे आयुष्य जाते.

नावांच्या या व्यवहारात एक तफावत कायम आढळते. मुलीला मुलाचे नाव देणे हा बढतीचा प्रकार समजला जातो. मुलाला मुलीचे नाव देणे ही नाचक्की ठरते. मुले जगत नसली म्हणजे मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा, भिकू असे ठेवण्याची पद्धत होती. दगड, केर आणि भीक यांकडे मृत्यू दृष्टी टाकणार नाही, ही त्यामागची कल्पना. त्याच कल्पनेने काही घरांत मुलाचे नाक टोचून त्याला नथ घालत आणि 'नथू' म्हणत. मृत्यूला मुलगी वाटावी, म्हणजे तो मुलाला उचलणार नाही! दगड, केर, भीक आणि मुलगी या चार वस्तू एकाच रांगेत बसवणाऱ्या समाजात 'मुलगी' हा शब्द काय भावाने चालत होता, हे याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगू शकणार नाही.

आणि ही गोष्ट जुन्या, अडाणी लोकांची म्हणून सोडून देता येत नाही. निष्क्रिय अधिकाऱ्याच्या टेबलावर मोर्चाने जाऊन बांगड्यांचा आहेर ठेवणे, हा राजकीय पक्षांचा आवडता कार्यक्रम आहे. त्यात डाव्या पक्षांचे कार्यकर्तेही सामील झालेले दिसतात, आणि कधीकधी तो आहेर देणाऱ्या स्त्रियाच असतात. ज्या हातांतील बांगड्या पाण्याचा हंडा उचलतात, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडतात, भाताची रोपे लावतात, त्याच बांगड्या नामर्दपणाची खूण म्हणून फेकल्या जातात. 'बायकी' ही ज्या भाषेत शिवी आहे आणि 'मर्दानी' हे ज्या भाषेत बक्षीस आहे, त्या भाषेत मुलीला मर्दानी नाव दिल्याने भाषेतील अन्याय दूर होत नाही. एका मुलीपुरती त्यातून पळवाट निघते, एवढेच.

पळवाटीचे पुढे काय होते, याचा धडा इंग्रजी समाजाने पुरवला आहे. शार्लट ब्राँटी यांची 'शर्ली' ही कादंबरी १८४९ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतः ब्राँटी यांनी लेखन केले ते 'करर बेल' या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने. कादंबरीतील नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता. मुलगी झाली तेव्हा मुलासाठी योजलेले 'शर्ली' हे घराण्यातील नाव त्यांनी तिलाच ठेवले. ते नाव तोवर पुरुषाचे होते. कादंबरीनंतर ते मुलींना ठेवले जाऊ लागले, आणि १९३० नंतरच्या दशकात शर्ली टेंपल ही बालनटी गाजल्यावर तर ते जगभर मुलींचेच झाले. मग मुलांना ते नाव ठेवायला कोणी तयार होईना. 'बेव्हर्ली', 'ईव्हलिन' या नावांचा प्रवासही असाच झाला. ज्या वस्तीत दलित कुटुंब राहायला आले की सवर्ण बिऱ्हाडे हळूहळू हलू लागतात, तशी ही नावांची वस्ती. स्त्रिया आत आल्या, पुरुष बाहेर पडले. समानतेची खूण म्हणून घेतलेले नाव दोन पिढ्यांत पुन्हा 'बायकी' ठरले.

नाव आणि सातबारा

त्या कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची. शर्ली स्वतःला थट्टेने 'कॅप्टन' म्हणवून घेते आणि लोक ते चालवून घेतात. याचे कारण तिचे नाव नव्हे. ती जमीनदारीण आहे, गिरणीच्या इमारतीची मालकीण आहे. तिच्या पुरुषी नावामागे पुरुषाची मिळकत उभी आहे. आणि तत्कालीन इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न होताच तिची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाणार होती. विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्तेचा पुरा हक्क देणारा कायदा तेथे १८८२ मध्ये झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाले. नाव उरते, मिळकत जाते, हा तेव्हाचा व्यवहार होता. आज तो मराठी मुलुखात संपला आहे काय?

नाव एक केल्याने आयुष्य एक होत नाही, याचे उदाहरण पंजाबने दिले आहे. शीख कुटुंबांत मुलामुलींची नावे बहुधा एकच असतात : हरप्रीत, गुरप्रीत, मनजीत, बलजीत. पुढे 'सिंग' आले की पुरुष, 'कौर' आले की स्त्री. मागे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव लावण्याची सक्तीही नाही. नावापुरती याहून मोठी समता भारतात क्वचितच सापडेल. शीख आचारसंहितेने तर मुलगी मारणाऱ्यांशी व्यवहार ठेवू नये, असेही बजावले आहे. तरीही पंजाब राज्यात, सर्व धर्मीय मिळून, सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ७९८ आणि २०११ मध्ये ८४६ होती. महाराष्ट्राने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. येथे हा आकडा २००१ मध्ये ९१३ होता, तो २०११ मध्ये ८९४ वर उतरला. बीड जिल्ह्यात तर तो ८०७ होता. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, आणि त्यासाठी विधिमंडळात पुढाकार घेणाऱ्यांत मृणालताई होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांची लाज अधिकच वाटावी.

मुलगी नको असण्याचे मूळ तिच्या नावात नाही. ते जमीन, हुंडा आणि वारसा यांच्या व्यवस्थेत आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, परंतु त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये संसदेने तो देशभर लागू केला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने येतो, २००५ साली बाप हयात होता की नव्हता यावर तो अवलंबून नाही. कायद्याचे काम बव्हंशी झाले आहे. प्रत्यक्षात मात्र २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील वहिवाटदार खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते.

हे अंतर कसे पडते, ते खेड्यापाड्यांतील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. बाप वारला की दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणींना तालुक्याला नेतात. हक्कसोडपत्रावर सह्या किंवा अंगठे घेतात. भाऊ साडी-चोळी करतो आणि बहिणीला माहेरचा उंबरा शाबूत राहिल्याचे समाधान मिळते. जी बहीण सही करीत नाही, तिला दिवाळीला बोलावणे येत नाही. सही करणारीचे नाव नंदा आहे की विक्रम आहे, हे तलाठी विचारीत नाही. लहानपणी 'आमचा मुलगाच' म्हणून मिरवलेली मुलगी या दिवशी अचानक पुन्हा मुलगी होते. बापाचा हात डोक्यावर असेपर्यंतच तिचे मुलगेपण टिकते. वाटणीच्या दिवशी ते काढून घेतले जाते.

याच नाटकाचा दुसरा अंक ग्रामपंचायतीत होतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. शेकडो स्त्रियांनी त्या संधीचे सोने केले. पण पुष्कळ ठिकाणी फलकावर नाव बाईचे आणि खुर्चीत बसतो तिचा नवरा, हेही चित्र आहे. तेथे नाव स्त्रीचे, सत्ता पुरुषाची. येथे नाव पुरुषाचे, वाटा शून्य. दोन्हीकडे स्त्रीच्या हाती येते ते नुसते नाव.

कार्यकर्त्याचे काम

याचा अर्थ नावाला काही किंमत नाही, असा घेऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर दलित वस्त्यांतील पाळण्यांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे दुमदुमली. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके हिणवणारी नावे आली होती, त्यांनी ती झुगारून दिली. पण त्यांनी देशमुख-देशपांड्यांची प्रतिष्ठा उसनी घेतली नाही. समतेचा स्वतंत्र वारसा शोधला आणि त्यातून नावे घेतली. त्या नावांच्या मागे शिक्षण होते, संघटना होती, हक्कांची लढाई होती. म्हणून ती नावे टिकली. स्त्रियांच्या बाबतीतही कसोटी हीच असली पाहिजे.

मराठी मनाला स्त्रीवाचक नाव मानाचे वाटूच शकत नाही, असेही नाही. वारकऱ्यांनी विठोबाला 'विठाई' म्हटले, ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हटले, आणि पंढरीच्या वाटेवर एकमेकांना तीच हाक घातली. दाढीमिशीच्या शेतकऱ्याला 'माउली' म्हटल्याने त्याचा अपमान होत नाही. तो मान तुकवतो. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावणारे साने गुरुजी मातृहृदयी म्हणून ओळखले गेले, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटला नाही. ज्या परंपरेत पुरुषाला आईचे नाव देणे हा सर्वोच्च गौरव होऊ शकतो, त्या परंपरेत मुलीला मान देण्यासाठी मुलाचे नाव उसने आणण्याची सक्ती का असावी? अर्थात आईपणाचा गौरव हाही सोयीचा असू शकतो. दिंडीत 'माउली' म्हणायचे आणि घरच्या माउलीचे नाव सातबाऱ्याच्या बाहेर ठेवायचे, हा व्यवहार महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे.

शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचे नाव नोंदवण्याचा नियम केला, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. त्यामुळे आईचे नाव कागदावर आले. आता ते जमिनीच्या कागदावरही यायला हवे, आणि तेथे शासननिर्णय पुरत नाही. तेथे घराघरांत आग्रह धरावा लागतो, आणि तो धरण्याची सुरुवात कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांपासून झाली पाहिजे.

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले. ते स्थान भाषणांत अबाधित आहे. चळवळीतील घरांत मुलींची नावे समता, मुक्ता, क्रांती अशी ठेवली गेली, तीही चांगलीच. पण समतेच्या भावाने समताकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले असेल, क्रांतीचे नाव सासरच्या ताटात तांदळांनी बदलले असेल, तर त्या नावांनी काय साधले? यापुढे चळवळीतील कोणत्याही घरात बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जाऊ नये, लग्नात नवरीचे नाव बदलले जाऊ नये, आणि पक्षाच्या कोणत्याही मोर्चात बांगड्यांचा आहेर नेला जाऊ नये. यासाठी सत्ता लागत नाही, निधी लागत नाही, निवडणूक जिंकावी लागत नाही.

मुलीचे नाव विक्रम ठेवायचे तर खुशाल ठेवावे. शब्द कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, आणि शौर्यावर पुरुषांचा ताम्रपट नाही. मात्र ठेवणाऱ्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मुलगा झाला असता तर त्याचे नाव मुक्ता किंवा सावित्री ठेवण्याची याच घरात हिंमत झाली असती काय? आणि जे नाव आज पाळण्यावर लिहिले जात आहे, ते उद्या वारसनोंदीतही भावाच्या बरोबरीने लिहिले जाईल काय? पहिल्या प्रश्नाला अडखळत उत्तर आले, तरी ते समजून घेता येईल. मन बदलायला वेळ लागतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र आजच, होय किंवा नाही, असे एका शब्दात दिले पाहिजे.